लिहिलेला पडदा आणि दिसणारा पडदा

पैशांची देवघेव करणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये दोन बटणे शेजारी शेजारी आहेत असे समजू. इंग्रजीत एकावर ‘सेंड मनी’ आणि दुसऱ्यावर ‘रिक्वेस्ट मनी’ असे लिहिलेले आहे. फोनचा पडदा अरुंद असला किंवा वापरणाऱ्याने अक्षरे मोठी करून घेतलेली असली, तर मजकूर बटणात मावत नाही. मग यंत्र उरलेला भाग कापते आणि तिथे तीन टिंबे ठेवते. बटणांवर उरते ‘सेंड…’ आणि ‘रिक्वेस्ट…’. दिसायला वाईट, पण काम भागते. आता याच बटणांचे मराठी करू : ‘पैसे पाठवा’ आणि ‘पैसे मागवा’. कापल्यावर दोन्ही बटणांवर उरते फक्त ‘पैसे…’.

इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात क्रियापद आधी येते, मराठीत ते शेवटी येते, आणि यंत्र बहुधा शेवटाकडूनच कापते. त्यामुळे इंग्रजीत कर्म गळते, तर मराठीत कृतीच गळते. ‘अर्ज सादर करा’, ‘अर्ज जतन करा’, ‘अर्ज मागे घ्या’ या तिघांचेही ‘अर्ज…’ होते. यात भाषांतरकाराची चूक नाही, त्याने नेमके शब्द दिले आहेत. प्रोग्रामरचीही चूक दाखवता येत नाही, त्याचा कोड बिनतक्रार चालतो. दोष जन्मतो तो शब्द आणि जागा एकत्र येतात तिथे, म्हणजे पडद्यावर. तो सापडतो तोही पडद्याकडे पाहूनच.

ॲपचा जो भाग डोळ्यांना दिसतो आणि बोटाला लागतो त्याला इंटरफेस म्हणतात. तो कोड लिहून घडवायचा की चित्रासारखा मांडून घडवायचा, हा वाद संगणकशास्त्रात साठ वर्षे जुना आहे. ज्यात पडदा डोळ्यांसमोर ठेवून मांडता, हलवता आणि तपासता येतो, अशा साधनांना या लेखात ‘दृश्य साधने’ म्हटले आहे. ती प्रोग्रामरची सोय म्हणून आली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्यांची खरी गरज वेगळ्या ठिकाणी आहे, आणि मराठीसारख्या भाषेत काम करणाऱ्यांना ती अधिक आहे.

ओळीत लिहायचे, पानावर पाहायचे

कोड हा ओळींत लिहिला जातो आणि एकामागून एक वाचला जातो. पडदा मात्र एका नजरेत दिसतो. ‘हे बटण त्या चौकटीच्या खाली, डावीकडून सोळा एकके आत, रुंदी मजकुराएवढी, पण उरलेल्या जागेपेक्षा जास्त नाही’ असे वर्णन कोडमध्ये करावे लागते. असे एक वाक्य वाचून चित्र डोळ्यांसमोर आणता येते. अशी दोनशे वाक्ये वाचून आणता येत नाही. अनुभवी प्रोग्रामरलाही नाही. मग तो काय करतो? कोड लिहितो, ॲप चालवतो, पाहतो, परत येऊन एक आकडा बदलतो, पुन्हा चालवतो. दर फेरीला अर्धे मिनिट जरी लागले, तरी एका पडद्याच्या पन्नास दुरुस्त्यांत पंचवीस मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. आणि मधल्या काळात, आपण काय बदलायला निघालो होतो, हेही निसटते.

दिवाळी अंकाच्या वाचकांना ही अडचण एका जुन्या ओळखीच्या गोष्टीवरून समजेल. खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी उलटी अक्षरे जुळवीत असे. त्याचा हात सराईत असे, डोळा तयार असे, तरीही गॅलीचे प्रूफ काढल्याशिवाय मजकूर छपाईला जात नसे. जुळवलेला मजकूर आणि छापलेले पान यांच्यामध्ये ‘पाहणे’ ही एक स्वतंत्र पायरी होती, आणि त्या पायरीवर लेखक, संपादक, मुद्रितशोधक यांना बोलायची संधी होती. १९८५ साली पेजमेकर आले आणि पान पडद्यावरच मांडता येऊ लागले. जे दिसते तेच छापून येते, ही कल्पना तेव्हापासून मुद्रण व्यवसायात रुळली. ॲपच्या क्षेत्रात मात्र पाहण्याच्या या पायरीला अजून तितके पक्के स्थान मिळालेले नाही.

आणि ॲपचे पान छापील पानासारखे एकच नसते. छापील पानाचा आकार ठरलेला असतो, ॲपचा ठरलेला नसतो. हिशेब करून पाहू. फोनचे चार आकार घ्या. प्रत्येकात उजळ आणि गडद अशा दोन रंगसंगती. भाषा तीन : मराठी, हिंदी, इंग्रजी. अक्षरांचे आकार तीन : लहान, मध्यम, मोठा. आणि पडद्याच्या अवस्था पाच : माहिती अजून येते आहे, माहिती आली, माहिती रिकामी आहे, माहिती फार आहे, काहीतरी बिघडले आहे. गुणाकार केला तर एका पडद्याची ३६० रूपे होतात. प्रोग्रामर आपल्या मेजावर यांतले बहुतेक वेळा एकच रूप पाहतो : आपल्या फोनवरचे, इंग्रजीतले, मध्यम अक्षरांचे, सगळी माहिती व्यवस्थित आलेले. उरलेली ३५९ रूपे वापरणाऱ्यांच्या वाट्याला जातात.

प्रकाशलेखणीपासून व्हिज्युअल बेसिकपर्यंत

पडदा मांडून घडवण्याची कल्पना फोनपेक्षा कितीतरी जुनी आहे. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली आपल्या पीएच.डी.साठी सादर केली. टीएक्स–२ नावाच्या खोलीभर संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत असत. पण नुसत्या रेषा काढणे हे तिचे वैशिष्ट्य नव्हते. ‘या दोन रेषा समांतर राहू देत’, ‘या दोन बाजू सारख्याच असू देत’ अशा अटी त्या चित्राला घालता येत आणि चित्र ओढले-ताणले तरी संगणक त्या अटी पाळत असे. शिवाय एक मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती चित्रात ठेवता येत. मूळ बदलले की सगळ्या प्रती बदलत.

आजच्या दृश्य साधनांचे दोन्ही मुख्य आधार इथेच आहेत. फिग्मासारख्या साधनात एक बटण ‘घटक’ म्हणून बनवून शंभर पडद्यांवर वापरतात, ती सदरलँडची मूळ आकृती. ॲपलचे ‘ऑटो लेआउट’ किंवा अँड्रॉइडचे ‘कन्स्ट्रेंट लेआउट’ बटणांमधली अंतरे अटींच्या भाषेत सांगू देते, त्या सदरलँडच्या अटी. ऑटो लेआउट ज्या ‘कॅसोवेरी’ नावाच्या गणिती पद्धतीवर उभे आहे, तिच्या जनकांपैकी ॲलन बोर्निंग हे त्याआधी १९७०च्या दशकात स्केचपॅडच्याच परंपरेतल्या प्रणालीवर काम करीत होते.

ही कल्पना प्रयोगशाळेतून कामाच्या मेजावर यायला पंचवीस वर्षे लागली. ज्यां-मारी हुलो या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने १९८०च्या दशकात पडद्यावरच बटणे मांडून ती कोडशी जोडण्याचे साधन तयार केले. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने त्याला बोलावून घेतले आणि १९८८ साली जगापुढे आलेल्या नेक्स्ट संगणकासाठी ‘इंटरफेस बिल्डर’ हे साधन घडले. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संस्थेत जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट संगणकावरच. तिथल्या साधनांमुळे हे काम लवकर झाले, असे त्यांनी पुढे आवर्जून सांगितले आहे.

त्याच सुमारास ॲलन कूपर यांनी पडद्याचे सुटे भाग ओढून मांडण्याचे एक साधन बनवले. मायक्रोसॉफ्टने ते घेतले, बेसिक या सोप्या भाषेशी जोडले आणि १९९१ साली ‘व्हिज्युअल बेसिक’ बाजारात आले. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या संगणक वर्गांत ते शिकवले जाई. दुकानाचा हिशेब किंवा दवाखान्याची नोंदवही अशी छोटी कामे करणारी प्रणाली एकटा माणूस त्यात तयार करू शके. व्हिज्युअल बेसिकची खरी कमाई वेगाची नव्हती. ज्याच्यासाठी प्रणाली बनते आहे त्या दुकानदाराला शेजारी बसवून ‘हे रकाने असे चालतील का?’ असे विचारता येत होते. तो ‘नको, आधी गिऱ्हाइकाचे नाव, मग रक्कम’ म्हणाला, तर रकाना तिथल्या तिथे वर सरकवता येत होता. कोड न वाचणाऱ्या माणसाला पडद्यावर मत देता आले, ही मोठी गोष्ट होती.

प्रोग्रामरांचा आक्षेप

इतके असूनही अनेक चांगले प्रोग्रामर दृश्य साधनांकडे संशयाने पाहतात, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही.

पहिला आक्षेप स्थिर जागांचा. जुन्या साधनांत बटण जिथे ठेवले तिथेच ते राही. संगणकाच्या ठरलेल्या आकाराच्या पडद्यावर हे खपून गेले. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदाही एकाच मापाचा होता, ३२० गुणिले ४८० ठिपक्यांचा. पण पुढे अँड्रॉइडचे शेकडो आकारांचे फोन आले आणि ‘डावीकडून वीस, वरून चाळीस’ अशी मांडणी कोसळली. २०१२ साली ॲपलने आयफोनवर ऑटो लेआउट आणले आणि २०१६ साली गूगलने कन्स्ट्रेंट लेआउट जाहीर केले, ते याच अडचणीवर.

दुसरा आक्षेप फायलींचा. दृश्य साधन पडद्याचे वर्णन स्वतःच्या फायलीत लिहून ठेवते. ॲपलच्या ‘स्टोरीबोर्ड’ या प्रकारात अनेक पडदे एकाच फायलीत असत. दोन प्रोग्रामरांनी एकाच वेळी वेगवेगळे पडदे बदलले की त्या फायलीत गुंता होई, आणि तो माणसाने वाचून सोडवावा अशी त्या फायलीची भाषाच नसे. साध्या कोडमध्ये कोणी, कधी, कोणती ओळ बदलली हे स्पष्ट दिसते. संघाने काम करणाऱ्यांना ही सुविधा सोडवत नाही.

या दोन आक्षेपांमुळे एक फारकत झाली. प्रोग्रामर कोडकडे वळले आणि चित्र काढण्याचे काम डिझायनरांकडे गेले. आधी फोटोशॉप, २०१०पासून स्केच, आणि २०१६ साली सर्वांसाठी खुले झालेले फिग्मा. फिग्मा ब्राउझरमध्ये चालते आणि एकाच चित्रावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू शकतात. शिक्षक, ग्राहक, भाषांतरकार यांना नुसता दुवा पाठवला की पडदा पाहता येतो. दृश्य साधनांचा सामाजिक उपयोग इथे पुष्कळ वाढला.

पण चित्र आणि ॲप या आता दोन वस्तू झाल्या. डिझायनर चित्रात जे काढतो ते प्रोग्रामर पुन्हा कोडमध्ये लिहितो. चित्रात नाव ‘सुमन’ असते, प्रत्यक्षात ते ‘अन्नपूर्णाबाई रामचंद्र कुलकर्णी’ असते. चित्रातल्या यादीत नेमक्या पाच ओळी असतात, प्रत्यक्षात शून्य किंवा पाचशे असतात. चित्र मंजूर होते आणि ॲप वेगळेच निघते. चित्राला वागणूक नसते. ते ताणले जात नाही, चुकत नाही, थांबत नाही. म्हणून नुसते सुंदर चित्र काढणारे साधन पुरेसे नाही, खरा चालणारा पडदा दाखवणारे साधन हवे.

गेल्या काही वर्षांत ही फारकत थोडी सांधली गेली आहे. गूगलचे फ्लटर २०१८ साली पहिल्या पूर्ण आवृत्तीत आले, ॲपलचे स्विफ्टयूआय २०१९ साली आणि अँड्रॉइडचे जेटपॅक कंपोझ २०२१ साली. या तिन्हींत पडदा कोडमध्येच लिहितात. म्हणजे प्रोग्रामरांचा फायलींचा आक्षेप राहत नाही. पण कोड बदलताच परिणाम समोर दिसतो. फ्लटरमध्ये चालू ॲपवर बदल क्षणात उमटतो. बाकीच्या दोन्हींत कोडच्या शेजारी पडद्याचे पूर्वदर्शन उघडते. कंपोझच्या पूर्वदर्शनाला तर भाषा आणि अक्षरांचा आकार सांगता येतो. ‘हाच पडदा मराठीत, दीडपट अक्षरांत दाखव’ असे एका ओळीत लिहिले की तो शेजारी उभा राहतो. मघाच्या ३६० रूपांपैकी निवडक वीस-पंचवीस तरी एका नजरेखाली घालता येतात. स्थिर चित्रापेक्षा ही बरीच पुढची पायरी आहे.

देवनागरी पडद्यावर कशी तुटते

आता मुख्य मुद्दा. पडद्याची बहुतेक साधने, नमुने आणि सवयी रोमन लिपीभोवती घडल्या. डिझायनर रिकाम्या जागी ‘लोरेम इप्सम’ हा लॅटिन वाटणारा मजकूर भरतो आणि त्याच्या मापाने चौकटी आखतो. देवनागरी त्यात नंतर ओतली जाते. मग काय काय घडते ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट उंचीची. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरी ओळीला वर आणि खाली जास्त जागा लागते. ‘वर्षांची’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर बसतात. ‘शत्रूंना’ या शब्दात एकाच अक्षराला खाली ऊकार आणि वर अनुस्वार. गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या मार्गदर्शनात हिंदी, तेलुगू, थाई, अरबी वगैरे भाषांना ‘उंच’ भाषांच्या गटात टाकून त्यांना ओळीची जास्त उंची द्यायला सांगितले होते. तरीही मजकूर चौकटीत नेमका मधोमध बसावा म्हणून प्रोग्रामर अक्षरांच्या वरची राखीव जागा काढून टाकतात. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी एक शब्द पुरतो. इंग्रजीत ते छान दिसते. मराठीत अनुस्वार आणि वेलांटीचा माथा कापला जातो. ‘मुलांचे खाते’ याचे ‘मुलाचे खाते’ होते, ‘त्यांचा’चे ‘त्याचा’ होते. अनुस्वाराच्या एका ठिपक्याने अनेकवचन जाते आणि आदरही जातो.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. इंग्रजी शीर्षक डौलदार दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवण्याची रीत आहे. तीच आज्ञा देवनागरीला लागली की शिरोरेषेत फटी पडतात आणि शब्दाचे तुकडे लोंबकळल्यासारखे दिसतात. इंग्रजी बटणे मोठ्या लिपीत लिहून उठावदार करतात. देवनागरीत मोठी लिपी नावाचा प्रकारच नाही. म्हणजे महत्त्वाचे बटण वेगळे दिसावे यासाठी जाडी, रंग किंवा आकार यांचा वेगळा विचार करावा लागतो. तो विचार इंग्रजी चित्रावर मंजुरी देणाऱ्याला सुचण्याचे कारणच नसते.

तिसरी गोष्ट जोडाक्षरांची. छायाचित्र नसेल तर वर्तुळात नावाचे पहिले अक्षर दाखवण्याची पद्धत आहे. संगणकाच्या दृष्टीने ‘क्षितिजा’ या नावाचे पहिले चिन्ह ‘क’ आहे आणि ‘ज्ञानेश्वर’चे ‘ज’. त्यामुळे क्षितिजा ‘क’ होते आणि ज्ञानेश्वर ‘ज’ होतो. कोडच्या भाषेत हे बरोबर आहे, मराठी माणसाच्या डोळ्याला चूक आहे.

चौथी गोष्ट खास मराठीची. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. फरक आहे तो रफाराच्या दोन रूपांचा. हिंदीला पहिल्या रूपाची गरज नाही, म्हणून हिंदी नजरेसमोर ठेवून निवडलेल्या एखाद्या फॉन्टमध्ये ते नीट उमटेलच असे नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ही हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, परंतु मजकूर मराठी आहे हे ॲपने सांगितले तरच मराठी वळण उमटते.

पाचवी गोष्ट अंकांची. भाषांच्या रीतींची जी जागतिक माहिती फोन वापरतात, तिच्यात मराठीसाठी देवनागरी अंक ही मूळ निवड आहे, हिंदीसाठी रोमन. त्यामुळे मराठी निवडलेल्या फोनवर यंत्राने मांडलेली रक्कम देवनागरी अंकांत येऊ शकते आणि प्रोग्रामरने मजकुरात थेट लिहिलेला आकडा रोमनमध्ये राहतो. एकाच पडद्यावर शिल्लक एका लिपीत आणि हप्ता दुसऱ्या लिपीत, असे दृश्य त्यातून तयार होते. कोणते अंक वापरावेत यावर मतभेद असू शकतात. एका पडद्यावर दोन्ही मिसळू नयेत, यावर होऊ नयेत.

या पाचांपैकी एकही गोष्ट कोडच्या नेहमीच्या चाचणीत पकडली जात नाही. ‘मुलांचे’ हा शब्द यंत्राच्या स्मृतीत अनुस्वारासह शाबूत असतो. अनुस्वार दिसतो की नाही, हे फक्त डोळा सांगतो. आणि तो डोळा मराठी वाचणारा असावा लागतो.

पाहणारे डोळे कोणाचे

दृश्य साधनांची गरज खरी इथे आहे. प्रोग्रामर मराठी असेलच असे नाही. तो बंगळूरात, हैदराबादेत किंवा परदेशात असेल. भाषांतरकाराला बहुधा एक तक्ता मिळतो : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठीसाठी रिकामा रकाना. ‘बुक’ हा शब्द तक्त्यात आला तर ते पुस्तक की आरक्षण, हे त्याला कळायला मार्ग नसतो. ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ की ‘उघडे आहे’, हेही पडदा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. बटण किती रुंद आहे हे ठाऊक नसल्याने तो ‘नातेवाइकांची माहिती अद्ययावत करा’ असे लिहून मोकळा होतो. याच भाषांतरकाराला पडद्याचे पूर्वदर्शन समोर ठेवून काम करू दिले, तर तो स्वतःच ‘नातेवाईक बदला’ असे सुचवील. क्रियापद कापले जाते हे दिसले, तर ‘पाठवा’ आणि ‘मागवा’ एवढेच शब्द बटणांवर ठेवून ‘पैसे’ हा शब्द वर शीर्षकात न्यावा, असेही सांगेल. हा उपाय कोडमधला नाही आणि शब्दकोशातलाही नाही. तो पडदा पाहणाऱ्या मराठी माणसालाच सुचतो.

अंगणवाडी सेविका, बँकेतला कारकून, बचत गटाच्या अध्यक्ष, शाळेतल्या बाई, हे लोक ॲपचे खरे जाणकार असतात. त्यांना कोड दाखवून उपयोग नाही. ॲप पूर्ण झाल्यावर दाखवले तर ते तक्रार करतात, पण तोवर पैसे संपलेले असतात आणि मुदत उलटलेली असते. चित्रात बटण हलवायला मिनिट लागते. तयार ॲपमध्ये तेच बटण हलवायचे तर कोड, चाचणी, नवी आवृत्ती आणि ती प्रत्येकाच्या फोनवर पोहोचेपर्यंतची वाट, असा प्रवास करावा लागतो. अनेकांच्या फोनवर जुनी आवृत्तीच राहते.

खर्चाची सबब इथे फारशी टिकत नाही. फिग्माची मर्यादित आवृत्ती विनामूल्य मिळते. पेनपॉट हे स्पेनमध्ये घडलेले साधन मुक्त स्रोताचे आहे, संस्थेला ते स्वतःच्या संगणकावर बसवता येते. शाळा-महाविद्यालयांसाठी एमआयटीचे ॲप इन्व्हेंटर आहे. त्यात विद्यार्थी पडदा ओढून मांडतो आणि कोडऐवजी रंगीत ठोकळे जुळवतो. आणि यांतले काहीच नसेल, तर कागद आणि पेन्सिल आहे. फोनच्या आकाराच्या कागदावर खरा मराठी मजकूर लिहून समोरच्याला ‘पैसे पाठवायचे तर कुठे बोट ठेवाल?’ असे विचारणे, हेही दृश्य साधनच आहे.

मर्यादा आणि एक आग्रह

दृश्य साधनांवर भिस्त ठेवताना एक धोका ओळखायला हवा. जे दिसते तेवढेच ती दाखवतात. अंध व्यक्ती फोन वापरते ती पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या आधाराने. बटण दिसायला सुंदर आहे, पण त्याला बोलायचे नाव दिलेले नाही, तर तिला नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते. बटणे कोणत्या क्रमाने वाचली जातात हेही चित्रात दिसत नाही. रंग पुरेसे उठून दिसतात का, बोटाला जागा पुरते का, यांची मात्र मापे ठरलेली आहेत. अँड्रॉइड बोटासाठी निदान ४८ एककांची जागा सांगते, ॲपल ४४ एककांची. लहान अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक ४.५ : १ इतका तरी असावा असे वेबसाठीचे मान्य निकष सांगतात. ही मोजमापे साधनाने आपोआप करून द्यावीत. ऐकण्याची परीक्षा मात्र ऐकूनच घ्यावी लागते.

आता यंत्राला तोंडी सांगून कोड लिहून घेण्याचे दिवस आले आहेत. ‘पैसे पाठवायचा पडदा करून दे’ म्हटले की यंत्र क्षणात तीनशे ओळी लिहून देते. त्यामुळे दृश्य साधनांची गरज संपली, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. कोड लिहिणे जितके स्वस्त होईल, तितके त्यातून काय उभे राहिले हे पाहणे महत्त्वाचे होईल. तीनशे ओळी वाचून कोणी पडदा मंजूर करणार नाही. मंजुरी पाहूनच द्यावी लागेल.

म्हणून मराठीत ॲप करून घेणाऱ्या प्रत्येकाने, मग ती ग्रामपंचायत असो, सहकारी बँक असो, प्रकाशनसंस्था असो की सरकारी खाते, कामाच्या करारातच काही गोष्टी लिहून घ्याव्यात. कोड सुरू होण्याआधी सर्व मुख्य पडदे मराठीत दाखवले जावेत, इंग्रजीत नव्हे. त्यांत खरा मजकूर असावा : लांब नावे, जोडाक्षरे, ‘दऱ्या’सारखे शब्द, रिकाम्या याद्या आणि चुकीचे संदेश. प्रत्येक पडदा सर्वांत लहान फोनवर आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत पाहिला जावा. भाषांतरकाराला तक्त्याबरोबर पडद्याची चित्रे मिळावीत. आणि मंजुरीच्या बैठकीत, ज्यांना ते ॲप रोज वापरायचे आहे अशी चार-पाच माणसे तरी असावीत.

यासाठी नवे तंत्रज्ञान शोधावे लागत नाही, साधने हाताशी आहेत. छापखान्यात प्रूफ पाहिल्याशिवाय फर्मा यंत्रावर चढवायचा नाही, ही शिस्त आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. ॲपच्या कामात ती आणायची तर मागणी ॲप बनवणाऱ्यांकडून येणार नाही. ती करून घेणाऱ्यांनी करायची आहे, आणि पहिल्या बैठकीतच करायची आहे.